‘अँटिव्हायरस बंद करा’ असे कोणी सांगितले, तर आधी हे वाचा



१ जून ते ३१ जुलै हे बंदीचे ६१ दिवस म्हणजे आपल्याकडे कागदपत्रांचा हंगाम. ट्रॉलर जेटीला लागलेले, जाळी दुरुस्तीला काढलेली, आणि घरातला कॉम्प्युटर मात्र दिवसभर चालू. परवान्याचे नूतनीकरण, बोटीच्या विम्याचे कागद, डिझेलवरच्या व्हॅट परताव्याचा हिशोब, खलाशांना दिलेल्या उचलीची नोंद, मुलांचे कॉलेजचे अर्ज, सगळे त्याच्यावरच. आणि याच दिवसांत आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो: “विंडोजमधला तो डिफेंडर बंद कसा करायचा? कायमचाच करून टाकायचा आहे.”

विचारणाऱ्यांची कारणे साधारण ठरलेली असतात. कुणाला एखादे सॉफ्टवेअर घालायचे असते आणि डिफेंडर ते उडवून लावतो. कुणाचा कॉम्प्युटर जुना असतो आणि “तो डिफेंडरच सगळा वेग खातो” असे कुणीतरी सांगितलेले असते. कुणी नवा अँटिव्हायरस विकत घेतलेला असतो आणि आता दोन दोन कशाला, असे त्याला वाटते.

आमचे थोडक्यात उत्तर असे. डिफेंडर थोड्या वेळासाठी बंद करता येतो, आणि कधी कधी तशी गरजही पडते. कायमचा बंद करण्याची गरज घरच्या कॉम्प्युटरवर जवळपास कधीच नसते. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे, “आधी अँटिव्हायरस बंद करा, मग हे घाला” असे जिथे लिहिलेले असते, तिथे संशय डिफेंडरवर नाही, त्या सांगणाऱ्यावर घ्यायचा. असे का, आणि बंद करायचाच झाला तर कसा, ते खाली सविस्तर देत आहोत. पोस्ट लांब आहे, पण एकदा निवांत वाचा.

हा डिफेंडर आहे तरी कोण?

विंडोज डिफेंडर हे नाव २००६ पासूनचे. तेव्हा तो फक्त हेरगिरी करणारे प्रोग्रॅम शोधायचा. २०१२ साली विंडोज ८ आले, तेव्हापासून तो पूर्ण अँटिव्हायरस म्हणून विंडोजच्या पोटातच येऊ लागला. विंडोज १० आणि ११ मध्ये त्याचे नाव ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर अँटिव्हायरस’ असे आहे. त्याचे वेगळे पैसे नाहीत, दरवर्षी नूतनीकरण नाही, आणि विंडोज घातले की तो आपोआप चालू असतो.

त्याचे मुख्य काम ‘रिअल टाइम प्रोटेक्शन’ या नावाने चालते. तुम्ही फाइल उतरवली, पेन ड्राइव्ह लावून त्यातले काही उघडले, किंवा एखादा प्रोग्रॅम सुरू केला, की तो चालण्याआधी डिफेंडर त्याच्याकडे बघतो. ओळखीच्या व्हायरसांची यादी त्याच्याकडे असते आणि ती रोज नवी होत राहते. यादीत नसलेल्या फाइलचे वागणे कसे आहे, हेही तो पाहतो. एखादा प्रोग्रॅम भराभर सगळ्या फाइली बदलायला लागला, तर त्याचे नाव यादीत नसले तरी शंका येते. नेट चालू असेल तर शंकेची फाइल मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरूनही पडताळली जाते.

तो चुकत नाही असे नाही. कधी चांगली फाइलही अडवतो. पण इंजिनचा ऑइल प्रेशरचा बझर वाजायला लागला म्हणून कुणी त्याची वायर कापत नाही. आधी ऑइल बघतो, मेकॅनिकला विचारतो, सेन्सरच बिघडला आहे याची खात्री होते, मगच वायर काढतो. तीही नवा सेन्सर बसेपर्यंत. इथेही क्रम तोच ठेवायचा.

‘क्रॅक’ वाल्यांना डिफेंडर नकोसा का असतो?

आपल्याकडे हा प्रश्न येण्याचे सगळ्यात मोठे कारण म्हणजे फुकटात मिळणारी महाग सॉफ्टवेअरे. विंडोज किंवा ऑफिस ‘अ‍ॅक्टिव्हेट’ करून देणारे प्रोग्रॅम, मराठी टायपिंगचे पॅकेज, हिशोबाचे सॉफ्टवेअर, नकाशे आणि जीपीएसचे पॉइंट बघायचे प्रोग्रॅम. कुणीतरी पेन ड्राइव्हवर देतो किंवा लिंक पाठवतो. सोबत एक छोटी फाइल असते. त्यात लिहिलेले असते, ‘पहिली पायरी: अँटिव्हायरस बंद करा.’ खाली एक दिलासाही असतो: ‘क्रॅक असल्यामुळे अँटिव्हायरस खोटी सूचना देतो, घाबरू नका.’

यातली मेख अशी आहे की हे वाक्य कधी कधी खरे असते. कुलूप तोडणारा प्रोग्रॅम, मग त्याने आणखी काही केले नाही तरी, अँटिव्हायरसला चोरासारखाच दिसतो. पण खरे क्रॅक आणि व्हायरस भरलेले क्रॅक, दोन्हींच्या सोबत हेच वाक्य येते. तुम्ही आम्ही ते वेगळे ओळखू शकत नाही. जो ओळखू शकला असता, त्यालाच आपण पहिल्या पायरीला झोपवलेले असते.

‘स्टॉप’ किंवा ‘डीजेव्हीयू’ या नावाने ओळखला जाणारा खंडणीखोर व्हायरस वर्षानुवर्षे मुख्यतः अशाच क्रॅकमधून आणि की-जनरेटरमधून पसरला. त्याचे गिऱ्हाईक मोठ्या कंपन्या नव्हत्या, घरातले कॉम्प्युटर होते. तो आत शिरला की फोटो, वर्डच्या फाइली, एक्सेलची पाने, स्कॅन केलेले कागद, सगळ्याला कुलूप घालतो. प्रत्येक फोल्डरमध्ये एक चिठ्ठी टाकतो. त्या चिठ्ठीतला भाव ९८० डॉलर असायचा, आणि ७२ तासांत संपर्क केला तर निम्मा, ४९० डॉलर. म्हणजे फुकटच्या सॉफ्टवेअरचे बिल. पैसे भरले तरी फाइली परत मिळतील याची हमी कुणाचीच नाही.

दुसरा प्रकार याहून चोरटा. तो काहीच दाखवत नाही. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, आणि आपण एकदा आत गेलो की परत पासवर्ड न विचारण्यासाठी ब्राउझर जी खूण ठेवतो ती खूण, हे सगळे उचलून काही मिनिटांत बाहेर पाठवतो. तुमचे सॉफ्टवेअर नीट चालते. तुम्ही म्हणता, “बघा, काहीच झालं नाही.” आणि दोन आठवड्यांनी तुमच्या ईमेलमधून दुसऱ्यांना पैसे मागणारे मेसेज जायला लागतात.

“आमच्याकडे चोरण्यासारखे आहेच काय?”

हे वाक्य आम्ही पुष्कळदा ऐकतो. एकदा आपल्या कॉम्प्युटरवर काय काय आहे याची उजळणी करा. बोटीच्या नोंदणीचे आणि परवान्याचे स्कॅन. रिअलक्राफ्ट पोर्टलचा आणि नॅशनल फिशरीज डिजिटल प्लॅटफॉर्मचा लॉगिन. घरातल्या सगळ्यांची आधार आणि पॅन कार्डे. खलाशांची ओळखपत्रे, जी त्यांनी विश्वासाने आपल्याकडे दिलेली असतात. बँकेचे खाते. डिझेलची बिले. विम्याचा दावा करायचा झाला तर लागणारे फोटो. वर्षानुवर्षे जमवलेले जीपीएसचे पॉइंट, कुठे खडक, कुठे बुडालेली बोट, कुठे मासळी लागते. हे शेवटचे तर कोणत्याही खात्यात अर्ज करून परत मिळणार नाही.

दुसरे म्हणजे, व्हायरस आधी चौकशी करून येत नाही. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाचा व्हायरस सुटला. त्याचा रोख युक्रेनवर होता आणि तो तिथल्या ‘एमईडॉक’ या कराच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरला. पण डेन्मार्कची मर्स्क ही जहाज कंपनी त्यात सापडली, आणि तिच्याच समूहाशी जोडलेले न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातले एक कंटेनर टर्मिनलही अडकले. भांडण कुठले, आणि कंटेनर थांबले कुठे! मर्स्कला १० दिवसांत ४५ हजार पीसी आणि ४ हजार सर्व्हर नव्याने उभे करावे लागले, असे कंपनीच्या अध्यक्षांनीच पुढे जाहीरपणे सांगितले.

तिथे कुणी क्रॅक घातला नव्हता किंवा अँटिव्हायरस बंद केला नव्हता, हेही सांगायला हवे. पण एका नेटवर्कवरचा एक कॉम्प्युटर गेला की शेजारचे कसे जातात, ते त्यातून दिसले. आपल्या घरचा लॅपटॉप, मुलांचा लॅपटॉप आणि संस्थेच्या कार्यालयातला कॉम्प्युटर यांच्यात पेन ड्राइव्ह आणि वायफाय फिरत असतात. म्हणून “माझा कॉम्प्युटर, माझी मर्जी” एवढ्यावर हा विषय संपत नाही.

बंद करण्याआधी तीन गोष्टी तपासा

आता खऱ्या गरजेकडे येऊ. समजा डिजिटल सहीच्या टोकनचे सॉफ्टवेअर घालायचे आहे, किंवा प्रिंटरचा जुना ड्रायव्हर, किंवा फिश फाइंडर बनवणाऱ्या कंपनीचाच प्रोग्रॅम, आणि डिफेंडर अडवतो आहे. अशा वेळी पुढील तीन गोष्टी आधी करा.

१. फाइल कुठून आली? कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरूनच परत उतरवा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली, ओळखीच्याने पेन ड्राइव्हवर दिलेली, ‘फ्री डाउनलोड’ वाल्या पानावरची फाइल बाजूला ठेवा. देणारा माणूस प्रामाणिक असतो, पण त्याला ती कुठून मिळाली हे त्यालाही माहीत नसते.

२. फाइलवर सही आहे का? फाइलवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडा. तिथे ‘डिजिटल सिग्नेचर्स’ असा भाग दिसला तर त्यात कंपनीचे नाव बघा. नाव बरोबर असेल तर चांगली खूण. मोठ्या कंपनीची फाइल म्हणतात आणि सहीच नाही, तर थांबा.

३. दुसरे मत घ्या. ‘व्हायरसटोटल’ या वेबसाइटवर फाइल टाकली की अनेक अँटिव्हायरस एकाच वेळी ती तपासून सांगतात. एकदोघांनीच शंका घेतली तर चुकीची सूचना असू शकते. पुष्कळांनी एकसुरात नाव घेतले तर विषय संपला, फाइल पुसून टाका. मात्र तिथे फक्त सॉफ्टवेअरची फाइल टाकायची. आधार कार्ड, परवाना, बँकेचा कागद असले काही टाकू नका, कारण तिथे टाकलेली फाइल इतर सुरक्षा कंपन्यांनाही मिळते.

आणखी एक खुलासा. नवीन फाइल उघडताना कधी कधी निळी खिडकी येते आणि ‘विंडोजने तुमचा पीसी वाचवला’ अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य दिसते. ते डिफेंडरचे व्हायरस सापडल्याचे सांगणे नव्हे. ते ‘स्मार्टस्क्रीन’ आहे. फाइल फारशा लोकांनी वापरलेली नाही, ओळखीची नाही, एवढेच ते म्हणते. छोट्या कंपन्यांच्या चांगल्या सॉफ्टवेअरवरही ती खिडकी येते. वरच्या तीन तपासण्या ठीक निघाल्या तर ‘मोअर इन्फो’ आणि मग ‘रन एनीवे’ दाबून पुढे जाता येते. त्यासाठी अँटिव्हायरस बंद करण्याचे कारणच नाही.

सगळे बंद करण्यापेक्षा एकाला वाट द्या

तपासून खात्री झाली असेल, तर सगळा पहारा उठवण्याऐवजी त्या एका फाइलला वाट देता येते. हा मार्ग आम्ही पहिला सुचवतो.

स्टार्ट मेन्यूत ‘विंडोज सिक्युरिटी’ शोधून उघडा. ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’ मध्ये जा. तिथे ‘प्रोटेक्शन हिस्टरी’ मध्ये डिफेंडरने काय अडवले त्याची यादी असते. आपली फाइल त्यात असेल तर तिच्यावर क्लिक करून ‘अलाउ ऑन डिव्हाइस’ निवडा. तेवढ्याला परवानगी मिळते, बाकी सगळे चालू राहते.

प्रोग्रॅम वारंवार अडत असेल तर त्याचे फोल्डर वगळता येते. त्याच पानावर ‘मॅनेज सेटिंग्ज’ मध्ये जाऊन खाली ‘एक्सक्लूजन्स’ शोधा, ‘अ‍ॅड ऑर रिमूव्ह एक्सक्लूजन्स’ दाबा, आणि फक्त त्या प्रोग्रॅमचे फोल्डर निवडा. संपूर्ण सी ड्राइव्ह, डाउनलोड्सचे फोल्डर किंवा पेन ड्राइव्ह कधीही वगळू नका. तसेच ईएक्सई हा फाइलप्रकारच वगळू नका, म्हणजे सगळेच प्रोग्रॅम तपासणीतून सुटतील. काम संपले की ती नोंद काढून टाका.

ही वगळलेल्यांची यादी अधूनमधून सहज उघडून बघा. काही व्हायरस आत शिरले की स्वतःचे नाव गुपचूप या यादीत घालून ठेवतात. आपण न घातलेली नोंद तिथे दिसली तर ती चांगली लक्षणे नाहीत.

थोड्या वेळासाठी बंद करायचाच असेल तर

तरीही जमले नाही, आणि फाइल खात्रीची आहे, तर असे करा.

१. महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेऊन ती डिस्क काढून ठेवा.

२. सॉफ्टवेअर आधीच उतरवून ठेवलेले असेल आणि त्याला नेट लागत नसेल, तर वायफाय बंद करा. ब्राउझर, ईमेल सगळे मिटवा.

३. ‘विंडोज सिक्युरिटी’, ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’, ‘मॅनेज सेटिंग्ज’ या वाटेने जाऊन ‘रिअल टाइम प्रोटेक्शन’ चे बटण ‘ऑफ’ करा. कॉम्प्युटर परवानगी विचारेल, ‘येस’ म्हणा. संस्थेच्या किंवा कॉलेजच्या कॉम्प्युटरवर हे बटण दाबले जात नसेल, तर ते मुद्दाम तसे ठेवलेले असते. जबाबदार माणसाला विचारा.

४. सॉफ्टवेअर घाला. तेवढेच. त्या वेळात दुसरी कोणतीही फाइल उघडू नका, पेन ड्राइव्ह लावू नका.

५. बटण परत ‘ऑन’ करा. मग त्या नव्या फोल्डरवर राइट क्लिक करून डिफेंडरने तपासून घ्या. त्यानंतर वायफाय चालू करा.

बटण आपण चालू करायला विसरलो, तर विंडोज काही वेळाने ते स्वतःच चालू करते. ते बिघडलेले नाही, मुद्दाम तसेच बनवलेले आहे. पण त्याच्यावर विसंबू नका. मधल्या वेळात जी फाइल आली ती पुढच्या ठरलेल्या तपासणीपर्यंत न तपासलेलीच राहते.

कायमचा बंद करण्याचे ‘उपाय’ नेटवर भरपूर सापडतात. रजिस्ट्रीत अमुक ओळ घाला, ही कमांड चालवा, हा छोटा प्रोग्रॅम घ्या. त्यातले बरेच जुने झाले आहेत. २०१९ पासून विंडोजमध्ये ‘टॅम्पर प्रोटेक्शन’ आहे. बाहेरच्या प्रोग्रॅमने डिफेंडरच्या सेटिंगला हात लावू नये म्हणून ते असते. रजिस्ट्रीतली ती प्रसिद्ध ओळही २०२० पासून घरगुती विंडोजवर मानली जात नाही. जे प्रोग्रॅम अजूनही “आम्ही कायमचा बंद करून देतो” म्हणतात, ते विंडोजच्या अगदी आतल्या भागात हात घालतात. ज्याला आपण ओळखत नाही त्याच्या हातात एवढी सत्ता द्यायची का, याचा विचार करा.

नवा अँटिव्हायरस घेतला असेल तर?

काहीच करू नका. दुसऱ्या कंपनीचा नीट नोंदलेला अँटिव्हायरस घातला की डिफेंडर स्वतःहून मागे सरतो. तो काढला की बहुधा आपोआप परत उभा राहतो. एक तेवढे बघा. विकत घेतलेल्याची मुदत संपली आणि तो नुसताच “पैसे भरा” म्हणत बसला असेल, तर एक तर नूतनीकरण करा नाही तर तो पूर्ण काढून टाका. मग डिफेंडर चालू झाल्याची खात्री ‘विंडोज सिक्युरिटी’ मध्ये जाऊन करा. मुदत संपलेला पहारेकरी दारात आणि दुसरा घरी पाठवलेला, ही स्थिती सगळ्यात वाईट.

कॉम्प्युटर संथ झाला म्हणून?

टास्क मॅनेजर उघडल्यावर ‘अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ हे नाव वर दिसते आणि सगळा राग त्याच्यावर निघतो. तोच डिफेंडर. आपल्याकडे हंगामात कॉम्प्युटर महिना महिना बंद असतो. उघडला की राहिलेली अपडेटे एकदम सुरू होतात आणि प्रत्येक नवी फाइल तपासायला डिफेंडरही कामाला लागतो. नेमके तेव्हाच आपल्याला अर्ज भरायचा असतो. उपाय साधा आहे. अर्ज भरण्याच्या आदल्या दिवशी कॉम्प्युटर चार्जरला लावून, नेट जोडून दोनतीन तास नुसता चालू ठेवा. आठवड्यातून एकदा तरी उघडा.

कॉम्प्युटरमध्ये जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल, तर तिच्या जागी एसएसडी बसवल्यावर जो फरक पडतो तो अँटिव्हायरस बंद करून कधीच पडणार नाही. आणि दोन अँटिव्हायरस एकत्र घातले असतील तर एक काढा.

विंडोज १० वाल्यांसाठी वेगळी सूचना. त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. डिफेंडर त्यावर चालतो, पण विंडोजची स्वतःची भोके बुजवायचे काम वाढीव मुदतीच्या योजनेत नाव घातल्याशिवाय होत नाही. अशा कॉम्प्युटरवर डिफेंडर बंद करणे म्हणजे फुटक्या फळीच्या बोटीचा पंपही काढून ठेवणे.

फुकटच हवे असेल तर सरळ वाटेने मिळते

मराठी टायपिंगसाठी क्रॅक केलेले पॅकेज लागत नाही. विंडोजच्या सेटिंगमध्ये भाषा म्हणून मराठी जोडली की कळफलक मिळतो, आणि तो युनिकोड असल्यामुळे सरकारी पोर्टलवरही अक्षरे तुटत नाहीत. पत्रे आणि हिशोब यांसाठी लिबरऑफिस पूर्णपणे मोफत आहे. वर्ड आणि एक्सेलची साधी आवृत्ती ब्राउझरमध्ये मायक्रोसॉफ्टच्याच खात्यावर फुकट चालते. आपल्या घरच्या कामाला एवढे पुरते.

मोबाइलवरही हाच खेळ

पुष्कळ घरांत कॉम्प्युटर नाही, मोबाइलच आहे. तिथे पहारेकऱ्याचे नाव ‘प्ले प्रोटेक्ट’. व्हॉट्सअ‍ॅपवर वाहनाचे चलन, लग्नाची पत्रिका, सरकारी योजनेची यादी अशा नावाने एपीके फाइल येते आणि ती घालण्यासाठी प्ले प्रोटेक्ट बंद करायला सांगितले जाते. हे अ‍ॅप बँकेचे एसएमएस वाचते. कोणतेही सरकारी खाते आपले अनुदान असल्या एपीकेवर देत नाही. तसेच “मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय, तुमच्या कॉम्प्युटरला व्हायरस लागलाय” असा फोन आला आणि त्याने स्क्रीन दाखवायचे अ‍ॅप घालून अँटिव्हायरस बंद करायला सांगितले, तर फोन ठेवा. मायक्रोसॉफ्ट आपणहून असा फोन करत नाही. घरातल्या ज्येष्ठांना हे आवर्जून सांगा.

आधीच बंद केला असेल किंवा क्रॅक चालवला असेल तर

घाबरू नका, लपवूही नका. मुलाने घातला असेल तर त्याच्यावर ओरडण्याआधी हे करा, नाही तर पुढच्या वेळी तो सांगणार नाही.

डिफेंडर चालू करून अपडेट करा. मग ‘स्कॅन ऑप्शन्स’ मधून ‘फुल स्कॅन’ लावा. त्यानंतर तिथलाच ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ निवडा. त्यात कॉम्प्युटर परत सुरू होतो आणि विंडोज उभे राहण्याआधीच तपासणी होते, म्हणून लपून बसलेलेही सापडण्याची शक्यता वाढते. त्याला साधारण १५ मिनिटे लागतात.

काही सापडले, तर वायफाय तोडा आणि ईमेल, बँक आणि पोर्टलचे पासवर्ड दुसऱ्या चांगल्या फोनवरून बदला, त्याच कॉम्प्युटरवरून नाही. जिथे सोय असेल तिथे ‘सगळ्या ठिकाणांहून बाहेर पडा’ हा पर्याय वापरा. बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर एक तासही न दवडता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करा आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार नोंदवा. जितके लवकर कळवाल तितकी रक्कम मधेच अडवली जाण्याची शक्यता जास्त.

फाइलींना कुलूप लागले असेल तर खंडणी भरू नका आणि कुलूपबंद फाइली पुसूनही टाकू नका. २०१६ मध्ये युरोपोल आणि नेदरलँड्सच्या पोलिसांनी सुरक्षा कंपन्यांसोबत ‘नो मोअर रॅन्सम’ हा उपक्रम सुरू केला. तिथे काही व्हायरसांच्या चाव्या मोफत मिळतात. आज चावी नसेल तर पुढे निघू शकते.

आजच करता येईल असे काम

बंदीचे दिवस आहेत, वेळ आहे. आज संध्याकाळी कॉम्प्युटर उघडा, ‘विंडोज सिक्युरिटी’ मध्ये जा आणि ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’ समोर हिरवी खूण आहे का ते बघा. वगळलेल्यांची यादी तपासा. तिथेच खाली ‘रॅन्समवेअर प्रोटेक्शन’ मध्ये ‘कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस’ आहे. ते चालू केले की अनोळखी प्रोग्रॅम तुमच्या डॉक्युमेंट्स आणि फोटोंच्या फोल्डरमध्ये बदल करू शकत नाहीत. एखादा ओळखीचा प्रोग्रॅम अडला तर त्याला तिथूनच परवानगी देता येते. मात्र हे डिफेंडर चालू असेल तरच काम करते.

मग बोटीचे कागद, परवाना, विमा, जीपीएसचे पॉइंट आणि हिशोब यांची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या, आणि डिस्क काढून कपाटात ठेवा. लावून ठेवलेल्या डिस्कलाही व्हायरस कुलूप घालतो, म्हणून काढून ठेवायची.

कुणाला “अँटिव्हायरस बंद करा” असा मेसेज, फोन किंवा फाइल आली असेल, तर काही दाबण्याआधी संस्थेच्या कार्यालयात दाखवा. येताना पासवर्ड किंवा ओटीपी कुणालाही सांगू नका, आम्हालाही नाही. ही माहिती आपल्या वाड्यावरच्या सगळ्या बोटमालकांपर्यंत आणि घरात कॉम्प्युटर चालवणाऱ्या मुलामुलींपर्यंत पोहोचवा.